डॅशबोर्ड लाल दाखवतो, मेलवर नाव मात्र तुझं

आधी पत्र. लांब होतं, कापून देतेय, आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

"ताई, नमस्कार. मी इंदूरलाच विजयनगरमधल्या एका आयटी सर्व्हिसेस कंपनीत एचआरमध्ये आहे. वय ३१. दोनेकशे लोक, अर्धे ऑफिसात, अर्धे घरून. दिवाळीनंतर मॅनेजमेंटने सगळ्यांच्या लॅपटॉपवर ट्रॅकिंग सॉफ्टवेअर टाकलं. दर दहा मिनिटांनी स्क्रीनशॉट, कीबोर्ड-माउस किती चालला, किती मिनिटं आयडल, सगळं मोजतं. लोकांना एवढंच सांगितलंय की सिक्युरिटीचं सॉफ्टवेअर आहे. सोमवारी माझ्याकडे एक्सेल येते, खालची दहा नावं लाल, आणि त्यांना माझ्या नावाने मेल जातो की प्रॉडक्टिव्हिटी कमी आहे, खुलासा द्या. शुक्रवारी मीच वेलनेस फ्रायडे घेते, योगा, स्ट्रेस बॉल, मेडिटेशनचं ॲप. लाल यादीत आमचे सपोर्टचे एक सीनियर आहेत, सगळे काकाच म्हणतात, क्लायंटला त्यांच्याशिवाय कोणी चालत नाही, ते दिवसभर फोनवर असतात म्हणून आयडल. मागे एका मुलीच्या स्क्रीनशॉटमध्ये तिच्या सोनोग्राफीची अपॉइंटमेंट दिसली. तिने ऑफिसात कोणाला सांगितलेलं नाही. आता मला माहितीये. झोप लागत नाही. माझाही हिरवा ठिपका पिवळा होऊ नये म्हणून जेवताना एका हाताने माउस हलवते, सासूबाई म्हणतात ताटात बघ. नवरा म्हणतो नोकरी आहे, कर. सोडू का? की सगळ्यांना सांगून टाकू काय काय रेकॉर्ड होतंय ते?"

अगं, सोडायचं की नाही ते नंतर, आधी त्या सोनोग्राफीचं बोलू, कारण बाकीचं सोमवारपर्यंत थांबेल, हे नाही थांबणार.

पहिली गोष्ट, ते तुझ्याच पोटात राहू दे. तिला प्रेमाने सुद्धा "मला कळलं बरं का" असं म्हणायचं नाही, जिन्यात भेटली तर हसून बघायचंही नाही. सोनोग्राफी म्हणजे गोड बातमीच असते असं थोडंच आहे, मुतखड्याची असते, गाठीची असते, आणि गोड बातमी असली तरी पहिले तीन महिने आपल्याकडे सांगत नाहीत हे मी तुला काय सांगणार. नवऱ्याकडे बोलली असशील तर त्यालाही सांग की विषय तिथेच संपला. इंदूर कितीही पसरलं तरी आपल्या लोकांपुरतं गाव तेवढंच आहे, विजयनगरला दुपारी कुजबुजलेलं रामबागेत संध्याकाळच्या चहाला पोचतं.

दुसरी गोष्ट, तो स्क्रीनशॉट काढून टाकून घे. आयटीवाल्याला लिही की अमुक तारखेच्या अमुक वेळच्या स्क्रीनशॉटमध्ये कर्मचाऱ्याची खाजगी माहिती आलीये, तो कायमचा डिलीट करा आणि केल्याचं कळवा. कसली माहिती ते लिहू नको, नाहीतर तो आधी उघडून बघेल आणि मग डिलीट करेल. खरं तर नुसतं खाजगी म्हटलं तरी बघेल, मनुष्यस्वभाव आहे, त्यामुळे जमलं तर त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बस आणि समोरच काढून घे.

आणि हा मुद्दा साहेबांना सांगताना भावनेची भाषा नको, भीतीची वापर, ती लवकर समजते. समजा ती मुलगी खरंच गरोदर असली आणि दोन महिन्यांनी तिचं नाव लाल यादीत आलं, किंवा अप्रेझलमध्ये तिला कमी मिळालं, किंवा बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय बसवून ठेवलं. आज कंपनी म्हणू शकते की आम्हाला काही कल्पना नव्हती. पण सर्व्हरवर तिच्या अपॉइंटमेंटचा फोटो पडलेला असेल तर हे वाक्य कंपनीच्या तोंडून गेलंच म्हणून समज. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, तेव्हा पैसे वाचवायला काढलं असा आरोप करायला कोणालाही जागा मिळते. नको ती माहिती गोळा करणं ही हुशारी नाहीये, ओझं आहे, आणि अशा बऱ्याच टूल्समध्ये स्क्रीनशॉट धूसर करायची किंवा ते पूर्ण बंद ठेवायची सेटिंग असते, कोणीतरी बसून ती बदलायची असते एवढंच. तुमच्याकडे ॲडमिन लॉगिन किती जणांकडे आहे ते विचार एकदा. मला वाटतं उत्तर ऐकून तुला आणखी एक रात्र झोप लागणार नाही, पण विचार.

आता ती लाल एक्सेल. हे सॉफ्टवेअर मोजतं काय, तर बोटं. की दाबली, माउस हलला, खिडकी बदलली. वाचणं मोजत नाही, विचार करणं मोजत नाही, फोनवर चिडलेल्या क्लायंटला वीस मिनिटं "हो सर, समजलं सर" करत शांत करणं तर अजिबात मोजत नाही. तुमच्या काकांचं काम हे दुसरं वालं आहे. एखादा पोरगा दिवसभर चुकीचा कोड लिहून संध्याकाळी तोच खोडत बसला तर तो हिरवागार, आणि काकांनी एका फोनमध्ये क्लायंट टिकवला तर ते लाल. तुझा तो हिरवा ठिपकाही असाच, टीम्स या ऑफिसच्या चॅट ॲपवर पाच मिनिटं हात थांबला की पिवळा, मग तू त्या पाच मिनिटांत ऑफर लेटर प्रिंट करून वाचत का असेनास.

लोकांना हे दोन आठवड्यांत कळतं. जेवताना माउस हलवणारी तू एकटी आहेस असं वाटतंय का तुला? माउस जिगलर नावाची चीज ऑनलाइन मिळते, माउस आपोआप हलवत राहते, तुमच्या दोनशेत काही जणांकडे आत्तापर्यंत आलेलीच असणार. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने डझनावर लोकांना काढलं ते याचसाठी, कीबोर्ड चालू असल्याचं सोंग करत होते म्हणून. म्हणजे बघ, आधी आपण माणसाला सांगायचं की तुझी बोटं मोजतोय, मग तो बोटं दाखवायला लागला की त्याला लबाड म्हणायचं. १९७५ मध्ये चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने चलनधोरणाबद्दल लिहिताना हेच म्हटलं होतं, की एखाद्या आकड्याने माणसांवर लगाम लावायला गेलं की तो आकडाच भरवशाचा राहत नाही. तो बँकांबद्दल बोलत होता, पण कोणत्याही ऑफिसला लागू पडतं.

मोठ्यांनीही यात हात पोळून घेतलेत, साहेबांसमोर बोलताना कामी येईल म्हणून सांगते. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर काढला होता, त्यात मॅनेजरला माणसागणिक नावासकट दिसायचं कोण किती मेल करतो, किती चॅट करतो, त्यावर एवढी ओरड झाली की त्याच डिसेंबरात नावं काढून टाकली आणि फक्त अख्ख्या कंपनीचे आकडे ठेवले. आणि फ्रान्समध्ये तिथल्या डेटा संरक्षण संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये ॲमेझॉनच्या गोदामं चालवणाऱ्या कंपनीला ३ कोटी २० लाख युरोचा दंड ठोकला. कंपनीला तो मान्य नव्हता ते सोड, कारण काय होतं ते बघ, कामगाराच्या हातातला स्कॅनर दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबला की नोंद व्हायची, आणि त्यामुळे माणसाला प्रत्येक छोट्या थांब्याचा खुलासा द्यायची वेळ येऊ शकते हे त्या संस्थेला अति वाटलं. खुलासा. तुझ्या सोमवारच्या मेलमधला शब्द आहे ना हा?

आता मला जे खरं म्हणायचंय ते. तू पत्रात सगळीकडे सॉफ्टवेअरवर राग काढलायस, पण मला तुझा त्रास तिथला वाटत नाही. तुझ्या नावाने मेल जातो आणि तो निर्णय कोणी घेतला हे कोणालाच सांगता येत नाही, तुझी गाठ तिथे आहे. साहेब म्हणतात रिपोर्ट आलाय. मॅनेजर म्हणतो एचआरने पाठवलाय. तू म्हणतेस सिस्टीमने काढलंय. सिस्टीम काही म्हणत नाही, ती बिचारी एक्सेल आहे. म्हणजे काकांवर ठपका ठेवला गेला आणि ठेवणारा कोणी माणूसच नाही, सापडते ती फक्त मेलच्या खाली तू.

मी पीथमपूरला कारखान्यात होते तेव्हा आमच्या खात्याला पर्सोनेल म्हणायचे, आणि शेजारी टाइम ऑफिस, तिथे पंचिंगची कार्डं. काही फार सुखाचे दिवस होते असं समजू नको, मिनिटामिनिटावरून भांडणं व्हायची, एकाचं कार्ड दुसरा मारायचा, गेटवर झडती व्हायची. पण कोणाला शो-कॉज, म्हणजे खुलासा मागणारी नोटीस, द्यायची तर आधी सुपरवायझरची लेखी तक्रार लागायची, अमुक दिवशी अमुक शिफ्टला अमुक मशीनवर हा जागेवर नव्हता, खाली त्याची सही. ती नसेल तर आम्ही कागद परत पाठवायचो. आणि गंमत म्हणजे सही करायची म्हटलं की अर्ध्या तक्रारी तिथेच विरघळायच्या, सुपरवायझर म्हणायचा, जाऊ द्या मॅडम, मी बोलतो त्याच्याशी. कारण त्याला माहीत असायचं की उद्या युनियनवाला विचारेल आणि चौकशीत उभं राहून त्याला सांगावं लागेल की मी पाहिलं. मशीन तेव्हाही मोजायचं. पण मशीन तक्रारदार नव्हतं.

तुला तेवढंच परत आणायचंय. सॉफ्टवेअर बंद पाडणं तुझ्या हातात नाहीये, त्याचे पैसे भरून झालेत आणि ज्यांनी भरलेत ते इतक्यात चूक मान्य करणार नाहीत. पण मेल कोणाच्या सहीने जाणार हे तुझ्या हातात आहे. साहेबांना लिही, तुझ्या इंग्रजीत, माझा मजकूर असा: साप्ताहिक रिपोर्टवरून जाणारे मेल यापुढे त्या व्यक्तीच्या रिपोर्टिंग मॅनेजरच्या नावाने जावेत, पाठवण्याआधी मॅनेजरने त्या आठवड्याचं प्रत्यक्ष काम तपासून दोन ओळींत लिहावं की कोणतं काम राहिलं, आणि असं काही राहिलं नसेल तर मेल जाऊ नये. एचआर या प्रक्रियेत तक्रार नोंदवणार नाही, तक्रार आल्यावर दोन्ही बाजू ऐकेल. बस. यात बंडखोरी नाही, सॉफ्टवेअरबद्दल वाईट शब्द नाही, कोणीही प्रोसेस इम्प्रूव्हमेंट म्हणेल. होईल असं की मॅनेजर लोक कुरकुरतील, कारण आता त्यांना सही करावी लागेल, आणि दहाचे तीन होतील. त्या तिघांत कदाचित एखादा खरंच काम टाळणारा निघेल, तसे असतात, त्याला मेल जाऊ दे, त्याबद्दल मला काही दुःख नाही.

साहेब नाही म्हणाले तर? तेही लेखी घे. "आपल्या सूचनेनुसार मेल पूर्वीप्रमाणे माझ्या नावाने पाठवत आहे" एवढी एक ओळ उत्तरात टाकून ठेव. भांडण म्हणून नाही गं, उद्या काकांनी वकिलाकडे जाऊन नोटीस पाठवली तर सगळ्यात आधी सगळे तुझ्याकडे बोट दाखवतील म्हणून.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण व्हॉट्सॲपवर यावर भलतंच फिरतंय. प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये पुट्टास्वामी खटल्यात सांगितलं, खरंय. २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तेही खरंय. पण त्या कायद्यात नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा आहे, आणि कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या मे २०२७ पासून लागू होणार आहेत. म्हणजे आज तू हा कायदा घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलीस तर वकील तुला दोन मिनिटांत बाहेर काढेल. मात्र एकदा तो लागू झाला की गोळा केलेला डेटा नीट सांभाळला नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे, आणि हा आकडा ऐकून कोणताही एमडी पाणी मागतो. स्क्रीनशॉट किती दिवस ठेवायचे, कोण बघणार, कधी पुसणार, हे नियम आत्ताच लिहून ठेवू असं तिथून सुरू कर. आणि आयडल मिनिटांचे पैसे कापायची कोणी कल्पना काढली तर लगेच ब्रेक लाव. पगारातून कपात कायद्यात दिलेल्या कारणांसाठीच करता येते, कामावर गैरहजर हे कारण त्यात आहे, माउस हलला नाही हे नाही, आणि या दोघांमधल्या फटीत उभं राहून कंपनीची बाजू मांडायची पाळी तुझ्यावर येईल. मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचं ऑफिस आपल्याच गावात आहे, तक्रार करणाऱ्याला भोपाळची गाडी सुद्धा पकडावी लागत नाही, हेही साहेबांच्या कानावर घालून ठेव.

वेलनेस फ्रायडेबद्दल तुला अपराधी वाटतंय, ते मात्र मला पटलं. योगा वाईट नाही, मी स्वतः करते. पण सोमवारी ज्या हाताने लाल मेल पाठवला त्याच हाताने शुक्रवारी स्ट्रेस बॉल द्यायचा म्हणजे लोक हसणारच, तोंडावर नाही तर कँटीनमध्ये. आणि हे नुसतं वाटणं नाहीये. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांमधल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या सर्व्हेचा अभ्यास छापला, ॲप, रेझिलियन्स ट्रेनिंग, माइंडफुलनेस वगैरे घेणारे आणि न घेणारे यांची तुलना करून, तर घेणारे काही जास्त बरे निघाले नाहीत. अपवाद होता तो समाजसेवेच्या कामात भाग घेणाऱ्यांचा. असा अभ्यास एका वेळचा फोटो असतो, त्यावरून सगळं सिद्ध होत नाही, पण दिशा कळते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली ती कामाच्या जागी सतत राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था अशीच, आणि २०२२ च्या त्यांच्या मार्गदर्शक सूचनांत कामाची रचना बदला, मॅनेजरांना ट्रेनिंग द्या हे ठळकपणे आहे.

मग शुक्रवारचं काय करायचं, बंद करू नको, बदल. तो तास लोकांना दे. महिन्यातल्या एका शुक्रवारी प्रत्येक टीमच्या मॅनेजरला बसव आणि एकच प्रश्न, या महिन्यात कोणतं फालतू काम कमी करता येईल. तीच स्टेटस शीट तीन ठिकाणी भरणं, सकाळी नऊची मीटिंग जिच्यात अठरा जण म्यूटवर असतात, रात्री साडेदहाला "क्विक कॉल". एक जरी कमी झालं तरी तुझ्या सगळ्या स्ट्रेस बॉलपेक्षा जास्त. आणि निनावी सर्व्हे घेत असशील तर जपून, सहा जणांच्या टीममध्ये वय, बाई की पुरुष आणि किती वर्षं नोकरी हे विचारलं की निनावी काय राहिलं, सगळ्यांना कळतं कोणी लिहिलं. छोट्या टीमचे निकाल वेगळे दाखवूच नको.

सगळ्यांना सांगून टाकू का, हे विचारलंस. गुपचूप नको. कोणाच्या कानात, कोणाला मेसेजवर, असं नको, कारण ते फुटतं आणि मग मुद्दा बाजूला राहून तू गद्दार की नाही यावर चर्चा होते. पण लोकांना कळलंच पाहिजे, यात मला शंका नाही. सिक्युरिटीचं सॉफ्टवेअर असं सांगून स्क्रीनशॉट काढणं ही सरळ सरळ फसवाफसवी आहे, आणि तुला झोप लागत नाही त्यातला मोठा वाटा याचा असणार. साहेबांना सांग की ऑफिशियल सर्क्युलर काढू, काय रेकॉर्ड होतं, काय होत नाही, कोण बघतं, किती दिवस राहतं, आणि स्वतःचं खाजगी काम करायचं तर काम थांबवून ट्रॅकिंगचा टायमर कसा बंद करायचा. लोक दोन दिवस बडबडतील आणि मग बँकेचं, डॉक्टरचं, मुलांच्या शाळेचं पान त्या लॅपटॉपवर उघडणं बंद करतील, ज्यात सगळ्यांचंच भलं आहे. सर्क्युलरला साहेब तयार झाले नाहीत, लपवायचंच ठरलं असेल, तर मग तुला तुझ्या सोडू का या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं समज.

म्हणजे आत्ता सोडू नको. दोन मागण्या कर, मेलवर मॅनेजरचं नाव आणि लोकांना सर्क्युलर. पगारवाढीच्या सीझनपर्यंत बघ. निदान सर्क्युलर निघालं तरी राहण्यासारखं आहे. तेही नाही निघालं तर बायोडेटा काढ, शांतपणे, आणि नोकरी सोड ती दुसरी ऑफर हातात आल्यावर, घरच्यांना आधी सांगून. विजयनगरपासून सुपर कॉरिडॉरपर्यंत एचआरच्या जागा निघत असतात, आणि इंटरव्ह्यूला का सोडलं विचारलं तर खरं सांगायला लाजू नको, चांगल्या कंपनीला असं उत्तर आवडतं आणि ज्यांना आवडणार नाही तिथे तुला जायचंच नाहीये. सोडताना पगाराचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत व्हायला हवा असं नव्या वेतन संहितेत आहे, नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, एचआर असून स्वतःचेच पैसे अडकवून घेऊ नको.

नवऱ्याचं "नोकरी आहे, कर" मी वाईट समजत नाही, घराचा हप्ता असेल, त्याच्याही डोक्यावर काहीतरी असेल. पण त्याला एकदा ते सोनोग्राफीचं सोडून बाकीचं सगळं नीट सांग. सॉफ्टवेअर वगैरे नाही, एवढंच सांग की माझ्या नावाने लोकांना घाबरवलं जातंय. बहुतेक नवऱ्यांना टेक्निकल गोष्टीवर उपाय सुचवायची घाई असते, नाव म्हटलं की ऐकून घेतात.

आणि तुझी झोप. आपल्या इंदुरात हुकुमचंद मिल, मालवा मिल चालू होत्या तेव्हा भोंगा वाजायचा, आख्ख्या परदेशीपुऱ्याला कळायचं पाळी सुटली. काम भयंकर होतं, कापसाची धूळ छातीत जायची, पण भोंगा झाल्यावर मिल माणसाच्या ताटात येत नव्हती. तुझ्याकडे भोंगा नाहीये तर तू वाजव. ऑफिस सुटल्यावर टीम्स आणि मेल फोनवरून लॉगआउट, म्यूट नाही, लॉगआउट, आणि साहेबांना एकदा सांगून ठेव की अर्जंट असेल तर फोन करा. नव्वद टक्के गोष्टी फोन करण्याइतक्या अर्जंट नसतात हे त्यांनाही आपोआप कळेल. कामाच्या वेळेनंतर फोन-मेल न उचलण्याचा हक्क कायद्यात यावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत २०१८ मध्ये आणि परत डिसेंबर २०२५ मध्ये खाजगी विधेयक मांडलं, फ्रान्समध्ये २०१७ पासून तो आहे, आपल्याकडे यायला किती काळ जाईल कोण जाणे, तोवर घरातला कायदा आपणच करायचा. तास मोजून बघ आठवड्याचे, जेवतानाचा माउस धरून. जागतिक आरोग्य संघटना आणि आयएलओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, यांनी २०२१ मध्ये जे छापलं त्यात आठवड्याला ५५ तास आणि वर काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्के जास्त निघाला होता. तू ३१ ची आहेस, हे आकडे उद्याचे नाहीत, पण सवयी आत्ताच पडतात.

एवढं करूनही दोन-तीन आठवड्यांत झोप सुधारली नाही, सकाळी ऑफिसच्या नावाने पोटात गोळा येत राहिला, तर १४४१६ वर फोन कर, सरकारी टेलिमानस आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. ऑफिसच्या ॲपवरून काउन्सेलिंग घेऊ नको, आत्ताच्या परिस्थितीत तर नकोच. आणि जवळच्या डॉक्टरला दाखव, कधीकधी थायरॉइड नाहीतर हिमोग्लोबिनची भानगड असते आणि आपण सगळं बॉसवर ढकलत बसतो.

येत्या सोमवारी लगेच करण्यासारखं एक आहे, साहेबांच्या परवानगीशिवाय होणारं. एक्सेल आली की काकांच्या मॅनेजरला फोन लाव आणि त्या आठवड्यात काकांनी किती तिकिटं, म्हणजे क्लायंटच्या नोंदवलेल्या तक्रारी, बंद केली, किती क्लायंट कॉल घेतले ते विचार. आयडल मिनिटांच्या शेजारी नवा कॉलम कर, त्यात ते आकडे टाक, बाकीच्या नऊ जणांचेही असेच टाक, आणि मग साहेबांना फॉरवर्ड कर. वर काही लिहू नको. एकाच ओळीत आयडल लाल आणि शेजारी टीमची सगळ्यात जास्त तिकिटं असं दिसलं की साहेबांना स्वतःलाच प्रश्न पडेल, आणि तो त्यांचा प्रश्न म्हणून पडला तर मगाशी सांगितलेला मेल पाठवायला तुला बराच सोपा रस्ता मिळेल.

काय झालं ते कळव. ऑफिसच्या लॅपटॉपवरून नको, स्वतःच्या फोनवरून.